एकशे एकावी खिडकी

सगदेव काकांच्या हातात कोणतीही गोल वस्तू आली की ते आधी तिचा मध्य पाहत. चहा दिला तर कप बाजूला ठेवून बशी बोटाच्या टोकावर तोलत. जेवताना पहिली भाकरी उजेडाकडे धरत आणि म्हणत, "इंदू, मध्य हुकला." इंदूकाकू म्हणत, "पोटात गेली की सापडेल." गल्लीत बारसं असलं की काका पाळण्याकडे न जाता दारातल्या रांगोळीपाशी उकिडवे बसत, आणि जिनं ती काढली ती पोरगी जीव मुठीत धरून उभी राही. नळावर दोन बायांची जुंपली तरी यांचा निकाल ठरलेला: "दोघींचंही बरोबर आहे हो. मध्य तेवढा हुकलाय."

हे मला इथे सुरतेत दिवसातून कितीदा तरी आठवतं. कापड छापणाऱ्या एका कारखान्यात मी फिल्म तपासते. काचेचं टेबल, खालून दिवा, वर फिल्म. गावाकडून फोन आला की अजून छातीत धडधडतं, उचलायच्या आधीच काय काय वाईट मनात येऊन जातं. पण त्या टेबलापाशी बसले की हात हलत नाही. हा हात मला कोणी दिला असं कोणी विचारलं तर सांगायला एक माणूस आहे. शाळा माझी आठवीतच सुटली, लिहायची सवय नाही. पण लिहिलं नाही तर हा माणूस निसटून जाईल अशी धाकधूक वाटते.

माझं माहेर मुकुटबन. लग्न होऊन दिग्रसला आले ती थेट छापखान्यातच. घराच्या पुढच्या खोलीत आमची स्क्रीन प्रिंटिंगची प्रेस होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांच्या पिशव्या. आमचे हे, म्हणजे गजानन, कॉम्प्युटरवर मजकूर जुळवत आणि पारदर्शक फिल्मवर छापून आणत. पुढचं काम माझं. फिल्मवरच्या काळ्यात सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. ती बारीक ब्रशानं काळा रंग लावून बुजवायची, नाहीतर नवरीच्या नावात पांढरे ठिपके उमटतात. हे काम मला आवडे, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नसे.

समोरचं घर सगदेवांचं. काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. कालव्यांच्या रेघा शाईनं ओढण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या पायरीवर बसतात. काकांनी लेथ आणलं, धातू कातायचं यंत्र. त्या वर्षांत कापसाचं सगळं गणित बिघडलं होतं आणि दिग्रसच्या सरकी काढणाऱ्या जिनिंगा एकामागून एक कुलूप लावत होत्या. अशाच एका जिनिंगच्या वर्कशॉपमधलं छोटं लेथ बैलबंडीवर घालून काका घरी घेऊन आले. इंदूकाकू दारात उभ्या. बंडी थांबली तशा म्हणाल्या, "आली का माझी सवत? वाजत-गाजत तरी आणायची होती." तेव्हापासून त्या घरात लेथचं नाव सवत पडलं. "सवतीला तेल घातलं का?", "आज सवतीकडेच जेवणार काय?" असं चालायचं.

काकांनी त्या लेथवर गल्लीसाठी काय काय केलं! पोळपाटाचे पाय, शिलाई मशीनच्या चकत्या, देवळातल्या घंटेचा लोळा. मात्र घाई नावाची गोष्ट नव्हती. शेजारच्या वहिनींच्या मिक्सरची एक चकती बिघडली, ती काकांकडे दिली. काका रोज तिचा मध्य काढत बसले. शेवटी वहिनींनी नवा मिक्सर आणला. काका ते पाहून इतके दुखावले की काही दिवस त्यांच्या घरचा चहा प्याले नाहीत. "नवा घेतला? मी इकडे मध्य काढून ठेवला आणि त्यांनी नवा घेतला?"

अशा माणसाच्या डोळ्यांतला मध्यच गेला.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याला मधोमध डाग पडलाय, तो मोठा होणार. कडा दिसत राहतील, मध्य जाईल. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हा काढण्यासारखा नाही. काका परत आले आणि ओट्यावर बसून हसत म्हणाले, "गंमत पाहा सूनबाई. आयुष्यभर लोकांचे मध्य काढले, आता माझाच हुकला." ते मला सूनबाईच म्हणत, गल्लीची सून म्हणून. मी हसले नाही. मला तर त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग त्यांची पाहण्याची रीत बदलली. ज्याच्याकडे पाहायचं त्याच्याकडे तोंड केलं की तिथे डाग. म्हणून ते मान दुसरीकडे वळवत आणि डोळ्याच्या कडेनं पाहत. तुमच्याशी बोलताना त्यांचं तोंड भिंतीकडे. नवख्या माणसाला वाटे, हा म्हातारा किती गर्विष्ठ आहे, बघतसुद्धा नाही! आम्हाला सवय झाली. काकांनी तोंड फिरवलं म्हणजे ते आपल्याकडे नीट पाहत आहेत, हे गल्लीतल्या लेकरांनाही कळे.

लेथच्या हँडलवर मापाच्या बारीक खुणा असतात. त्या मात्र कडेनं पाहूनही दिसेनात. एके दिवशी काका मापासाठी इतके वाकले की सदऱ्याची बाही तुकडा धरून फिरवणाऱ्या चकात गुंडाळली गेली. बाही फाटून गेली, हात राहिला. इंदूकाकूंनी आरडाओरडा केला नाही. फाटकी बाही घडी करून देवघरात ठेवली आणि पुण्याला मुलाला, प्रशांतला, फोन केला. तो म्हणाला, मशीन विका आणि दोघं इकडे या. त्याचं काही चुकलं नव्हतं.

काकांनी अवधी मागितला. त्यांच्या डोक्यात एक युक्ती होती. माप डोळ्यानं वाचायचंच नाही, मशीननं मोठ्या लाल आकड्यात दाखवायचं. आकडे वीतभर उंच असले की कडेनंही दिसतात. रहीमभाई म्हणून टीव्ही दुरुस्त करणारे होते, काकांचे दोस्त. त्यांनी कॉम्प्युटरचा मेलेला माऊस फोडून दाखवला. आत छोटीशी जाळीदार चकती. तिच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा एक दाणा. चकती फिरली की उजेड लागतो-तुटतो, लागतो-तुटतो, तेवढंच तो दाणा मोजतो. काका त्या दाण्याला धाकटा डोळा म्हणू लागले.

रहीमभाईंनी असे दोन डोळे बसवायला काढले. मी न राहवून विचारलं, "दोन कायले, काकाजी?"

"एका डोळ्याला कळतं की दारातून कोणी गेलं. आत आलं की बाहेर गेलं, ते कळायला दोन लागतात."

"काकासाब, ये बात तो अपने मोहल्ले की बायांना पुरी लागू," रहीमभाई म्हणाले. "एक खिडकीत, एक दारात. सब हिसाब पक्का!"

चकती मात्र हवी होती मोठी, बशीएवढी, हँडलच्या दांड्यावर बसणारी. काकांचा हिशेब सोपा होता. हँडलचा एक फेरा म्हणजे कापायचं टूल दोन मिलिमीटर सरकतं. चकतीच्या कडेला शंभर खिडक्या ठेवल्या की शंभर मोजल्यावर एक फेरा. काळ्या रेघेला ते भिंत म्हणत आणि मधल्या रिकाम्या जागेला खिडकी. खिडकी आणि भिंत एकसारख्या रुंद पाहिजेत, आणि मधलं भोक बरोबर मध्यात पाहिजे.

पहिली चकती त्यांनी तुपाच्या डब्याच्या झाकणाची केली, कानशीनं खाचा पाडून. रहीमभाई ती पाहून म्हणाले, "ये तो बुढ्ढे की बत्तीशी हाय. अर्धे दात पडेल." दुसरी काकांनी जुन्या सवयीनं ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढली. रेघा अशा, की पाहत राहावं. त्या त्यांनी हाताच्या आठवणीवरच ओढल्या असणार. पण शाई आपल्याला काळी दिसते, धाकट्या डोळ्याला तिच्यातून उजेड दिसतो. त्यात ढग आले की कागद वाकडा होई. काका म्हणाले, "माझ्यासारखाच आहे. हवा बदलली की कुरकुर."

तेव्हा ते रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. त्या दिवसांत प्रेसमध्ये कामच नव्हतं. कापसाच्या बंड्या खरेदी केंद्रापुढे रांगेत उभ्या राहत आणि लोक लग्नं पुढे ढकलत. ज्यांची होत ते सोनेरी शाई नको म्हणत, मग म्हणत पत्रिकाच नको, फोनवर सांगू. छापायला येत त्या तेराव्याच्या पत्रिका. त्या मात्र थांबल्या नाहीत. मी त्यांतल्या नावांची भोकं बुजवताना नाव न वाचायला शिकले होते.

"गजानन, मला एक गोल काढून दे. शंभर खिडक्यांचं," काका म्हणाले.

"देतो ना काका. त्यात काय हाय? कॉम्प्युटर काढते, आपल्याले फक्त बटन दाबा लागते." हे खूष झाले. किती दिवसांनी नवं काम आलं होतं!

यांनी चार-पाच फिल्मा छापून आणल्या. मग काकांनी आमच्या अंगणात उन्हात त्या एका चादरीवर मांडल्या आणि चकती निवडायला बसले. मुलगी पाहायला गेलेले लोक इतक्या बारकाईनं पाहत नसतील. एकेक चकती उचलायची, सूर्याकडे धरायची, तोंड आमच्या तुळशीकडे फिरवायचं आणि कडेनं पाहायचं. "ही नको, हिच्या भिंती जाड. हिच्या खिडक्या मोठ्या." तिसरी सुईवर टोचून फिरवली. "हे वर्तुळ नाही रे गजानन, हे अंडं आहे. तुझं छपाईचं यंत्र फिल्म एका बाजूला ताणतं."

"काका, माणसाच्या डोळ्याले दिसत नाही इतकं."

"माणसाच्या डोळ्याचं नाव माझ्यापुढे काढू नको."

हे वरमले. काका हसले. आणि मग फिल्म कशी आडवी-उभी फिरवून छापायची यावर दोघांचं दुपारभर चाललं. पुढच्या खेपेला एक चकती पसंत पडली. काळ्यात भोकं होती ती मी बुजवून दिली. नेहमी नावाच्या अक्षरांत करते तसंच, पण इथे रंगाचा एक कण खिडकीत सांडला असता तर मोजणीच चुकली असती. श्वास धरून केलं. काकांनी ती उजेडाला धरली, तोंड फिरवून खूप वेळ पाहिली, आणि म्हणाले, "सूनबाई, तुला वाटतं तू काळं भरतेस. तू खिडक्या राखतेस. मशीनला भिंत दिसतच नाही, त्याला खिडकी तेवढी दिसते."

माझ्या कामाबद्दल असं आधी कोणी बोललं नव्हतं. आठवी सुटली तेव्हा मास्तर म्हणाले होते, हिला काय, चूल तर येते. मी भांडी घासायचं निमित्त करून आत गेले.

चकती बसली. रहीमभाईंचे लाल आकडे पळू लागले. तेव्हा लोडशेडिंग जोरात. लाइन गेली की आकडे विझत आणि मोजलेलं सगळं जाई. काका ओरडत, "शून्य गेलं! माझं शून्य गेलं!" रहीमभाईंनी मग स्कूटरची बॅटरी जोडून दिली.

आता इंदूकाकूंनी अट घातली. त्यांच्या ओसरीवर बंगई होती, सागवानी पाटाचा झोपाळा. तिच्या वरच्या कड्या लोखंडी रुळावर घासून झिजल्या होत्या आणि झोक्यागणिक किरकिरत. कडी आणि रुळाच्या मध्ये पितळेची नळी, म्हणजे बुश, बसवला की ते थांबतं. काकू म्हणाल्या, "संक्रांतीच्या आत माझ्या बंगईला पितळेचे बुश करून द्या. मापात बसले तर सवत राहील, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही बसले तर प्रशांतचं ऐकायचं. सवत विकायची आणि पुणं गाठायचं."

"बुशच ना? त्यात काय?" काका म्हणाले. पण त्यांचा आवाज कोरडा झाला होता. पुण्याला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आपण दिवसभर काय धरून बसायचं, याचं त्यांना भय होतं. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

त्यांनी पितळेचा तुकडा लावला. लाल आकड्यांवर बरोबर माप येईपर्यंत भोक कोरलं. बुश काढून काकूंकडे दिला. काकूंनी त्यात बंगईचा रूळ घालून पाहिला. गेला नाही. केसभर लहान. काकांनी दुसरा केला. आकड्यात बरोबर, हातात लहान. तिसरा केला, तेच. पहिल्यांदा त्यांनी रहीमभाईंवर खापर फोडलं. मग लेथचा स्क्रू झिजलाय म्हणाले. हँडलचा एक फेरा केला की आकडे किंचित जास्त पळतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण फेरा नेमका कुठे पुरा होतो ती खूण दिसत नव्हती, म्हणून त्यांनी ते आपल्या हातावर घेतलं. आपलाच हात पुढे जातो म्हणाले. चकतीवर त्यांना शंका आली नाही. तिचा मध्य पाहिला होता, काळं पाहिलं होतं, खिडकीची रुंदी पाहिली होती. आणि ती कॉम्प्युटरनं काढलेली.

संक्रांत तोंडावर आली. एका दुपारी इंदूकाकू आमच्या दारात आल्या. पदर डोक्यावर, हात ओले. मला वाटलं काही वाईट झालं. 

"मंदा, त्यांनी मशीनवर चादर घातली."

"मग चांगलं झालं ना, काकू? तुम्हाले तेच तर पायजे होतं."

"मला पाहिजे होतं गं." त्या उंबऱ्यावर बसल्या. "पण आज भाकरी वाढली तर त्यांनी ती उजेडात धरली नाही. तशीच खाल्ली. मुकाट. तू ये. तुझं ऐकतात ते."

माझं कोण ऐकतं! पण गेले. काका चादर घातलेल्या लेथजवळ खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. मला म्हणाले, "सगळं नीट आहे, सूनबाई. रहीमचं नीट, तुझं नीट. बिघडलो तो मी."

मी म्हणाले, "चकती देता काय, काकाजी? भोकं पडली असतील तर बुजवतो म्हटलं." आमच्याकडे बायाही येतो-जातो म्हणतात. त्यांनी खांदे उडवले. मी चकती सोडवून घेतली.

प्रेसमधल्या काचेवर ठेवली, खाली दिवा लावला. एकही भोक नव्हतं. मग नुसतं बसून काय करायचं म्हणून खिडक्या मोजायला लागले. पत्रिका मोजायची सवय वीस-वीसच्या गठ्ठ्यांनी, तशीच मोजली. पाच गठ्ठे झाले आणि एक खिडकी हातात राहिली.

मी घाबरले. माझंच चुकलं असणार. पुन्हा मोजलं. पुन्हा एक उरली. मी काकूंना हाक मारली. "काकू, माह्याकडून होत नाही. तुम्ही मोजा." काकू वाटीभर तुरीचे दाणे घेऊन आल्या. एकेका खिडकीवर आम्ही एकेक दाणा ठेवत गेलो, सगळा गोल भरला. मग ते दाणे उचलून मोजले. काकूंनी शेवटचा दाणा चिमटीत धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"एकशे एक," त्या म्हणाल्या.

मी आत ओरडले, "अवं, शंभर सांगतल्या होत्या ना? एकशे एक काहून झाल्या?"

हे आतून टॉवेलनं हात पुसत आले. चेहऱ्यावर हसू. "मीच टाकली एक जास्तीची. शंभर कोणी देते काय कोणाले? शंभर म्हणजे संपलं. आहेर कसा, एकशे एकाचा पायजे."

तोवर काका काकूंच्या मागोमाग रस्ता ओलांडून आमच्या दारात येऊन ठेपले होते. त्यांनी सगळं ऐकलं. मी आजवर त्यांना कोणावर ओरडताना ऐकलं नव्हतं, ते तेव्हा ऐकलं. "आहेर? गजानन, मशीनला आहेर? अरे, एका खिडकीपायी मी माझा हात मोडीत काढला, माझं डोकं मोडीत काढलं!"

यांचं हसू गेलं. हातातल्या टॉवेलची घडी करत, खाली पाहत म्हणाले, "चुकलं, काका. पण वर्षभर मी तेराव्याच्याच पत्रिका छापून राह्यलो. शकुनाचा एक आकडा हातून गेला नव्हता. तुमचं काम नवं होतं, चांगलं होतं. म्हटलं, ह्याच्यात तरी टाकावं."

काचेखालचा दिवा तसाच जळत होता. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, रागानं. मग कळलं, ते यांच्याकडे पाहत होते.

शेवटी म्हणाले, "उद्या शंभराची काढून दे. ही मला परत दे. ही फाडायची नाही."

शंभराची चकती मी तुरीच्या दाण्यांनी मोजूनच दिली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बुश झाले. काकूंनी रूळ घातला तर तो तुपात बोट जावं तसा गेला. बंगई टांगली, काकू बसल्या, झोका घेतला. गल्ली जमली होती. बंगईचा आवाज नाही. काकूंनी दोन झोके घेतले आणि पाय टेकवून म्हणाल्या, "अहो, आवाजच नाही! बसल्यासारखं वाटत नाही हे."

"आता किरकिर तू कर," काका म्हणाले, आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला गेले तेव्हा पाहिलं, काकूंनी पहिलं कुंकू लेथला लावलं होतं. चकाच्या बरोबर मध्यावर. पुण्याचं नाव मग निघालं नाही.

आमचं मात्र निघालं. पुढच्या हंगामातही प्रेस चालली नाही. यांच्या मावसभावानं सुरतेत काम बघून दिलं. मी मुकुटबन सोडून दिग्रसला आले तेव्हा रडले होते, दिग्रस सोडताना रडूही येईना. भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही, हातातलं काम तरी तिथे उपयोगी पडेल की नाही!

निघायच्या आदल्या दिवशी काका आले. हातात कागदाची पुडी. आत ती एकशे एक खिडक्यांची चकती होती. तिला मधोमध पितळेचा चकचकीत बुश बसवला होता, त्यात एक बारीक दांडी. बोटानं टिचकी मारली की फिरत राही, जराही न डगमगता.

"शंभराची मी ठेवतो," ते तुळशीकडे तोंड करून म्हणाले. "मला पुरे. तू लांब चाललीस. तुझ्याजवळ एक जास्तीची असू दे."

मी पाया पडले. नंतर इथल्या कारखान्यात काम मागायला गेले तेव्हा साहेबांनी एक फिल्म दिव्यावर ठेवली आणि विचारलं, काय दिसतं? बाकीच्यांनी चित्र सांगितलं. मी भोकं दाखवली, आणि गोल जरा ताणलाय हेही सांगितलं. त्या दिवसापासून ते टेबल माझं आहे. चकती टेबलाच्या कोपऱ्याला टांगलेली असते. पंख्याच्या वाऱ्यानं फिरते.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते त्या निघायच्या सकाळी. ऑटो कोपऱ्यावर उभा होता, हे सामान चढवत होते. मी रस्ता ओलांडून त्यांच्या खिडकीशी गेले. लेथ चालू होतं. भिंतीवर लाल आकडे पळत होते आणि काका हँडल फिरवत होते. त्यांचं तोंड सरळ खिडकीकडे, माझ्याकडे. मी हात केला. त्यांनी केला नाही. तेव्हा लक्षात आलं, तोंड माझ्याकडे असलं तरी डोळ्याच्या कडेनं ते आकडे पाहत आहेत, मी डागात आहे. हाक मारावी असं वाटलं, पण मशीन चालू असताना हाक मारायची नाही हे काकूंनी बाही फाटल्यापासून गल्लीला शिकवलं होतं. मी हात खाली घेतला.

आकडे शून्यावर येऊन थांबले. मशीन बंद झालं. काका क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी मान हळूहळू पलीकडच्या भिंतीकडे वळवली, पार तिथवर, आणि तशीच धरून ठेवली.

ऑटोवाला भोंगा वाजवत होता. मी हलले नाही. ते माझ्याकडे पाहत होते.